मोनीबायच्या खाचरातल्या लोंब्या

आमची सॅपर्सची, म्हणजे सुरुंग-बॉम्ब काढणाऱ्या जवानांची, तुकडी बोरीवलीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी उतरली, तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता. पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. महायुद्धाच्या काळात तिथे उखळी तोफांची सरावाची रेंज होती. न फुटलेले बॉम्ब पावसाच्या पाण्याबरोबर उतारावरून खाली भातशेतीत येत. त्या पावसाळ्यात बेणणी करताना, तण उपटताना, एका शेतकऱ्याचा हात गेला आणि आम्हाला बोलावणं आलं. मी हवालदार होतो, सेक्शन कमांडर.

गाव मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं. चर्चला ते देऊळ म्हणत. मीही त्यांच्यातलाच, मरोळचा. दोन वर्षांपूर्वी माझी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर मी देवळाची पायरी चढलो नव्हतो.

लान्स नायक पास्कू याच गावचा. वडील नव्हते. आई मोनीबाय एकटीच एक खाचर कसायची. पास्कू रोज सकाळी चहाचा मग घेऊन तंबूबाहेर डोंगराकडे तोंड करून उभा राही आणि पुटपुटत प्रार्थना म्हणे. त्या वर्षी डोंगरावरची कारवीची झुडपं फुलली होती. सगळा उतार जांभळा झाला होता.

"उस्ताद, चहा थंड झाला तुमचा," तो एकदा म्हणाला. "राग देवावर हाय ना? चहावर कशाला काढता?"

"तू तुझं बघ."

"देवळात नका येऊ. इथून तर बघा. सात वर्षं नुसत्या काठ्या. बापूस माझा कुडाला वापरायचा. आन आता हे."

"फुलली की मरते ती."

"बी टाकून मरते," पास्कू म्हणाला. "मधलंच वाक्य खाता तुम्ही."

मी फॉल-इनची शिटी वाजवली.

काम हळू चालत होतं. तिथल्या मातीत लोह जास्त, त्यामुळे डिटेक्टर जागोजागी वाजे. प्रॉडरची टोकदार सळई तिरकी खुपसत वीत वीत पुढे जावं लागे. पीक उभं असताना खाचरात ते शक्य नव्हतं. आमचे जवान आधी कडेपासून जपून भात कापून घेतील, असं कॅप्टननी गावकऱ्यांना सांगितलं.

मोनीबाय पुढे आली. "आगेरा व्हायचा हाय, साहेब."

कॅप्टन पुण्याकडचे. आगेरा काय ते पास्कूने त्यांना सांगितलं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातल्या पहिल्या लोंब्या देवळात नेतं. फादर त्यांना आशीर्वाद देतात. त्याआधी कापणीला हात लावायचा नाही.

"ठीक आहे," कॅप्टन म्हणाले. "रविवारपर्यंत थांबू. पण धोक्याच्या जागेभोवती लावलेल्या टेपच्या आत कुणी जायचं नाही."

मोनीबायचं खाचर टेपच्या आत होतं. शेजारीण तिला आपल्या लोंब्या द्यायला तयार होती. मोनीबाय नको म्हणाली. "दुसरीच्या शेतातलं माझं म्हणून देवाला कसं देऊ गं? त्याला काय दिसत नाय?"

शनिवारी पास्कूने रीतसर परवानगी मागितली. बांधावरून जायचं, हात पोचेल तेवढ्याच लोंब्या घ्यायच्या, त्याच वाटेने परत यायचं. बांधावरून गाव पावसाळाभर चाललं होतं. कॅप्टननी तो सुरक्षित धरला आणि परवानगी दिली.

दुपारी मी वायरलेस सेट घेऊन टेपपाशी उभा होतो. मोनीबाय माझ्या बाजूला. पास्कू बांधावरून गेला, वाकला, मूठभर लोंब्या कापल्या. खिशातला खुणेच्या पांढऱ्या फितीचा तुकडा काढून त्याने जुडी बांधली आणि हात वर करून आईला दाखवली.

"बस झाल्या," मोनीबाय ओरडली. "ये आता."

परत येताना ओल्या बांधाची कड त्याच्या पायाखाली खचली. तो घसरला. स्फोट झाला.

मी सेट उचलला. "ॲम्ब्युलन्स पाठवा. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कोण? ओव्हर," पलीकडून कॅप्टननी विचारलं.

"लान्स नायक पास्कू."

ओव्हर म्हणायचं माझं राहिलं.

पास्कू जागीच गेला होता. जुडी चिखलावर पडली होती. फीत सुटली नव्हती.

चौकशीत कारण निघालं. दरवर्षी पावसाआधी खाचरातली माती काढून बांध लिंपतात. बॉम्ब त्या मातीतून बांधाच्या कडेत गेला होता. बांध कोणी लिंपला होता, असं कॅप्टननी विचारलं. मोनीबाय म्हणाली, "त्यानंच. मे महिन्यात सुट्टीवर आलेला तेव्हा."

रविवारी सकाळी ती काळ्या लुगड्यात घराबाहेर आली. हातात पास्कूबरोबर आम्ही उचलून आणलेली जुडी होती. दुखवट्यात आगेऱ्याला येऊ नकोस, असं बायका तिला समजावत होत्या.

"त्यानं आणल्या हायत," ती म्हणाली. "मग देयाला नको?"

तिला नीट चालता येत नव्हतं. मी हात धरला आणि तिच्याबरोबर आत गेलो. तिने जुडी वेदीपुढे ठेवली. फादरांनी सगळ्या लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. मी प्रार्थना म्हटली नाही. संध्याकाळी पास्कूला पुरलं.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस मी रजा घेऊन तिथे गेलो. उतारावरची कारवी वाळून करडी झाली होती. काठ्या हाताने मोडत होत्या. खाली वाकून पाहिलं, तर जमीन दिसत नव्हती. काठ्यांच्या बुडाशी सगळीकडे कोवळी रोपं उगवली होती, एकाला एक लागून, डोंगराच्या माथ्यापर्यंत. मी तिथेच गुडघ्यांवर बसलो. बायको गेल्यापासून पहिल्यांदा प्रार्थना म्हटली. पास्कूसाठी, मग तिच्यासाठी, मग ज्याचं नाव ठेवायचं राहिलं त्या मुलासाठी. त्यानंतर मी विश्वास सोडला नाही. रडूही थांबलं नाही. दोन्ही बरोबरच राहिलं.

त्या वर्षी आगेऱ्याच्या आदल्या दिवशी मोनीबायने मला विचारलं, "फीत हाय का रं तुझ्याकडं?" माझ्याजवळ होती. मग दर वर्षी नेत गेलो. सैन्य सोडून वर्तमानपत्रात लागल्यावर बाजारातून पांढरी फीत विकत घेत असे. जुडी मोनीबायच बांधायची. गाठ मारताना माझ्याकडे बघायची नाही.

मोनीबाय आता देवळाच्या आवारातल्या दफनभूमीत पास्कूच्या शेजारी आहे. खाचर तिच्या पुतण्याकडे आहे. लोंब्या तो आणतो, फीत मी नेतो. क्रुसावर पास्कूचं नाव, हुद्दा आणि 'सॅपर' एवढंच कोरलेलं आहे. देवळात शिरण्याआधी मी तिथे थांबतो आणि जुडी त्याला दाखवतो.