पाटीवरची दुसरी ओळ

"ताई, आई गेल्या," ज्योती फोनवर एवढंच म्हणाली. मी गारखेड्यात घरी होते, हातात मेथीची जुडी होती, ती तशीच ओट्यावर ठेवली. ज्योती म्हणजे माझ्या विमलमावशीची सून. मग तिने विचारलं, "गिरणीपुढं बायका डबे ठेवून उभ्या आहेत ओ. त्यांना काय सांगू?" मला आधी रागच आला, आणि मग लक्षात आलं, की मावशीनेही पहिल्यांदा हेच विचारलं असतं. उस्मानपुऱ्यात पोहोचले तेव्हा दळणाचे डबे बाहेर रांगेत तसेच होते आणि बायका मात्र आत, मावशीच्या भोवती. उशाशी सलमाआपा बसल्या होत्या. मागच्याच गल्लीत राहतात, मावशीची जुनी मैत्रीण आणि जुनी भांडणारी. मला बघून म्हणाल्या, "देख, चुप पड़ी है तेरी मावशी... पहली बार चुप है."

त्याला आता काही आठवडे होऊन गेलेत. मावशीबद्दल लिहायचं तर शांतपणे लिहावं असं मनाशी ठरवलं होतं, पण ती शांतपणे लिहिण्यासारखी बाई नव्हती. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली पोर, लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आली ती थेट पिठाच्या गिरणीत. काका अकाली गेले. दीर म्हणाले, गिरणी भाड्याने देऊन टाकू, बाईमाणसाचं काम नाही. मावशीने दुसऱ्याच दिवशी पदर खोचून पट्टा चढवला आणि दळायला बसली. गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता, की ती कानात सांगायला लागली तरी तीन घरांना कळायचं. भुवयांवर कायम पीठ. लहानपणी आम्हा भाच्यांना वाटायचं, मावशीचे केस तरुणपणीच पिकलेत. सगळ्यांवर सारखंच तोंडसुख घ्यायची तिची सवय, आणि सगळ्यांचं दळण मात्र सारखंच नीट. कुणाला भाकरीसाठी जाडसर लागतं, कुणाला रोटीसाठी मऊ, ते तिला डबा बघूनच कळायचं.

गिरणीच्या दारावरची पाटी पूर्वी फक्त मराठीत होती. तिच्यावर गिरणीचं नाव आणि खाली एक नियम. दशमीला सकाळी फक्त उपवासाचं दळण. एकादशीच्या आदल्या दिवशी मावशी गिरणी उघडून, ब्रशने आतून झाडून, मूठभर भगर दळून ती टाकून द्यायची आणि मगच बायकांची भगर, राजगिरा दळायला घ्यायची. गव्हाचा एक कण त्यात गेला तरी उपवास गेला. अशाच एका दशमीला सलमाआपांनी पहाटेच गव्हाचा डबा आणून रांगेत पहिला ठेवला. त्या उर्दू शाळेत शिकलेल्या, मराठी बोलतात झकास, पण वाचता येत नाही. कामावरच्या किसनने रांगेतला पहिला डबा उचलला आणि न बघता ओतला. पाठोपाठ तीन-चार घरांची भगर त्यातच दळली गेली. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या घरांचा उपवास मोडला. कुणाच्या थालीपिठाला गव्हाचा चिकटपणा आला आणि त्यावरून घोटाळा उघडकीस आला.

मग गिरणीपुढे जे काही झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एक बाई म्हणाली, "हे मुद्दाम केलंय." सलमाआपा पांढऱ्याफटक पडल्या. "हौ, डब्बा मैंच रखी," त्या म्हणाल्या, "पर मुझे क्या मालूम, कहाँ लिखा है?" मावशीने पाटीकडे बोट केलं, आणि ते बोट तसंच हवेत राहिलं... तिला त्याच वेळी कळलं असावं. ती सगळ्या बायकांकडे वळून ओरडली, "तिला वाचताच येत नाय तर ती काय करील? चूक माझ्या पाटीची हाय. आता निघा, सगळ्यांचं परत दळून देते." त्याच आठवड्यात पेंटर आला. सलमाआपांनी खडूने फरशीवर त्याच नियमाची उर्दू ओळ लिहून दिली आणि पेंटरने ती पाटीवर तशीच उतरवली. मराठीखाली उर्दू. एकादशी पाळणाऱ्या बायकांचा उपवास पुढची सगळी वर्षं त्या उर्दू ओळीने सांभाळला, हे मला आजही जगाला ओरडून सांगावंसं वाटतं.

पुढे दिवस बदलले. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माणसं पाट्यांकडे मान वर करून बघायला लागली. मावशीचं यावर एकच म्हणणं होतं, "नाव कायबी ठेवा, दळण तेच हाय." पण एक दिवस गल्लीतले काही दुकानदार आले. त्यांच्यातल्या एका बोलक्या गृहस्थांना सगळे अध्यक्ष म्हणतात, कशाचे ते कुणी विचारत नाही. अध्यक्ष फार गोड बोलतात. म्हणाले, "मावशी, सगळ्या बाजारात तुमचीच एक पाटी डोळ्यात येते. ती खालची ओळ तेवढी काढून टाका. महाराष्ट्रात मराठी पुरे."

"मराठी हाय की वर. आंधळे झालात का?"

"तसं नाही, पण लोक बोलतात."

"लोक बोलतात तर त्यांना इकडं पाठवा. मलाबी बोलता येतं."

ते गेले, पण पुन्हा पुन्हा येत राहिले. कधी कुणी रात्रीतून त्या ओळीवर चुना फासून जायचं. मावशी सकाळी पदराचं टोक भिजवून तो पुसायची आणि पुसताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची. तिचा मुलगा वाळूजला कंपनीत, घाबरट नाही पण भांडणाला कंटाळलेला. तोही म्हणाला, "आई, जाऊ दे ना, एका ओळीनं काय होतं?" मावशी त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

तिचा हा हट्ट पुढे आणखी पक्का झाला, त्याला एक प्रसंग कारण. ज्योतीचं माहेर बेळगावकडचं, सीमेपलीकडे गेलेलं गाव. वडिलांचं किराणा दुकान. घरात मराठी, शाळेत मराठीबरोबर कन्नड. एकदा मावशी व्याह्यांकडे राहायला गेली आणि तिथे असतानाच कुणीतरी दुकानाच्या मराठी पाटीला डांबर फासलं. ज्योतीचे वडील खुर्ची टाकून पाटीखाली बसून राहिले होते, जेवलेही नाहीत. मावशी परत आली आणि दळायला बसली. अध्यक्षांना ही बातमी कळली तेव्हा ते तावातावाने गिरणीत आले. "बघा मावशी, आपल्या मराठीवर काय अन्याय होतोय तिकडे! निषेध केला पाहिजे."

मावशीने गिरणी बंद केली. हातावरचं पीठ झटकलं. "माझ्या व्याह्याची अक्षरं पुसली तर तुम्हाला एवढा राग येतो," ती म्हणाली, "आन् सलमाची पुसायला माझ्याच हातात फडकं देता व्हय?"

अध्यक्षांनी त्यावर बरंच काही सांगितलं, इतिहास सांगितला, ते वेगळं, हे वेगळं. मला तेव्हाही ते वेगळं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. जिथे आपण थोडे असतो तिथे आपल्याला पाटीवर एक ओळ हवी असते. जिथे आपण जास्त असतो तिथे दुसऱ्याची ओळ आपल्याला खुपते. याला भाषेचं प्रेम म्हणत असतील तर म्हणोत बापडे. माझ्या मावशीला, जिने चौथीनंतर शाळा पाहिली नाही, मराठीवर इतकं प्रेम होतं की तिला त्यासाठी दुसऱ्या कुणाची ओळ खोडावी लागली नाही.

तेराव्यानंतर गिरणी सुरू झाली. अध्यक्ष भेटायला आले, खरोखर हळहळले, त्यांचंही दळण तिथेच होतं. उठता उठता ज्योतीला म्हणाले, "मावशींचा हट्ट होता, आम्ही मान ठेवला. आता पाटीही जुनी झालीय गं. नवीन करून घे, नीट."

ज्योती या घरात आल्यापासून मावशीच्या आवाजाखाली झाकलेली. खाली बघत म्हणाली, "व्हय, बदलायचीच आहे." कोपऱ्यात बसलेल्या सलमाआपा उठल्या, चपला घातल्या आणि गेल्या. मी त्या दिवशी ज्योतीशी धड बोलले नाही. मावशीला जाऊन महिनाही झाला नव्हता...

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले, खरं सांगायचं तर भांडायलाच. गिरणीपुढे शिडी लावलेली. शिडीवर पेंटर, आणि खाली ओढणी डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या सलमाआपा त्याला दरडावत होत्या, "अरे, गोलाई बराबर निकाल रे!" वर मराठी ओळ होती. खाली उर्दू, मराठीएवढीच मोठी, पूर्वी ती बारीक होती. आणि त्याखाली आणखी एक ओळ, गोल गोल वळणांची, पेंटर एका कागदात बघून बघून काढत होता. समोरच्या दुकानातून अध्यक्ष आले, मान वर करून बघायला लागले.

"हे काय आहे?"

"कन्नड," ज्योती म्हणाली.

"अगं, तुझ्या वडिलांच्या पाटीला डांबर फासलं त्यांनी!"

"डांबर माणसांनी फासलं ओ. अक्षरांनी काय केलं?"

"पण इथं हे वाचणार कोण?"

ज्योतीने मावशीचं लाकडी स्टूल पुढे ओढलं, त्यावर बसली आणि रांगेतला पहिला डबा उचलला.

"मी," ती म्हणाली, आणि गिरणी सुरू केली.