बोलायचं नाही, हुरडा खायचा

"आठवडाभर गप्प बसायला शिकणार? तू?" नाशिकहून निघताना नवऱ्याने असा निरोप दिला. मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे आणि सल्ले देण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. मलकापूरच्या केंद्रातल्या प्रशिक्षणात मात्र नेमकं उलटं शिकवणार होते. समोरच्याला 'दारू सोड' म्हणायचंच नाही. विचारायचं, ऐकायचं आणि ऐकलेलं पुन्हा त्याच्यापुढे ठेवायचं. सोडण्याचं कारण त्याच्याच तोंडून यायला हवं.

कराडला उतरले तेव्हा थंडी मस्त बोचत होती. मलकापूर कराडला अगदी खेटून, त्यामुळे रिक्षात नीट टेकेपर्यंत पोचलेसुद्धा. आमच्या शिक्षिका शालनताईंनी आधी आख्खा मसूर आणि भाकरी पुढे ठेवली, मग धडा. पहिल्याच सरावात मी पाच मिनिटांत सात सल्ले दिले.

"लय झ्याक बोलतायसा," त्या म्हणाल्या. "समोरच्याला बी जरा बोलू द्या की!"

मला राग आला, पण भाकरी इतकी छान होती की तो फार वेळ टिकला नाही.

चौथ्या दिवशी आम्ही विट्याकडे निघालो. ऊस मागे पडला, ज्वारी सुरू झाली. ज्यांना भेटायला चाललो होतो त्या संपतरावांबद्दल वाटेत शालनताईंनी सांगितलं. वीस वर्षं कोइमतूरला भावाबरोबर गलई (सोनं आटवून शुद्ध करण्याचं काम) केली. दारूने हात थरथरायला लागले, तसं भावाने घरी पाठवलं. पाडव्यापर्यंत बरे होऊन आले तर ठीक, नाहीतर त्यांच्या जागी दुसरा कारागीर बसणार होता. शालनताई दोनदा येऊन गेल्या होत्या आणि दोन्ही वेळा संपतरावांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं.

संपतराव शेतातच भेटले. आगटीत (हुरडा भाजायच्या गोवऱ्यांच्या खड्ड्यात) कणसं भाजत होती. घरधन्याने कणीस स्वतःच्या तळहातावर चोळून पाहुण्याच्या हातावर हुरडा ठेवायचा, असा तिथला रिवाज. आम्ही बसतोय तोच त्यांच्या बायकोने मला गाठलं.

"आवं ताई, तुमी तरी सांगा ह्यास्नी!"

झालं! माझ्या जिभेवर सगळे सल्ले रांगेत उभे राहिले. पण नेमका त्याच वेळी मी गरमागरम हुरडा आणि लसणीची चटणी यांचा मोठा बकाणा भरला होता. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं, शब्द काही फुटेना. संपतराव पुढचं कणीस चोळू लागले. हात थरथरले आणि निम्मे दाणे मातीत गेले.

ते मातीकडे बघत राहिले. "ह्या हातातनं सोन्याचा कण कवा सांडला न्हाई," हळूच म्हणाले. "आता पाव्हण्याला हुरडा बी धड देता येत न्हाई."

बायको काही बोलणार, एवढ्यात शालनताईंनी तिचा हात दाबला. मी घास गिळला.

"हात पहिल्यासारखे व्हावेत, असं वाटतं तुम्हाला."

"लय वाटतं." त्यांनी कणीस खाली ठेवलं. "किती दिस ऱ्हावं लागतं तुमच्या केंद्रात?"

मी दिवस सांगितले आणि विचारलं, "कधी जमेल तुम्हाला?"

"बगतो," म्हणाले आणि पुन्हा कणसाला लागले.

परतताना शालनताई खुशीत गाणं गुणगुणत होत्या. मी मात्र धुसफुसत होते. 'बगतो' म्हणजे नाहीच, असं मला वाटत होतं.

शेवटच्या दिवशी बॅग घेऊन केंद्राच्या फाटकाशी आले, तर समोर रिक्षातून संपतराव उतरत होते. मागे बायको, तिच्या काखेत कपड्यांची पिशवी.

"डॉक्टर हायती न्हवं?" त्यांनी विचारलं आणि माझ्यापुढे हुरड्याची पुडी धरली. पुडी हलत होती. "अजून थरथरत्यात, ताई. पन आलोय."

मी पुडी घेतली आणि नुसती हसत राहिले. एवढा आनंद मला कुठलाही सल्ला देऊन कधी झाला नव्हता.

घरी नवऱ्याने पुडी उघडली आणि माझी टकळी सुरू व्हायची वाट बघू लागला. "आधी तू सांग, कसा गेला तुझा आठवडा?" मी विचारलं. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग बोलायला लागला, चांगला तासभर.

ऐकता ऐकता मी त्याच्या ओंजळीत हुरडा ओतला. दोन दाणे खाली पडले. ते मी वेचून खाल्ले.