अंगठा
आमच्या नगरच्या कॉलेजात जर्मनच्या वर्गाला सगळे परदेशाच्या ओढीने आलेले. एक चाळिशीचा माणूस तेवढा नागापूरच्या कारखान्यातून यायचा. उजव्या हाताला फक्त अंगठा उरलेला, म्हणून डाव्याने लिहायचा. जर्मन लोक अंगठ्यापासून मोजतात, असं सर म्हणाले, तेव्हा तो अंगठा वर करून एकावरच थांबला.

मी विचारलं, "काका, तुम्ही कशाला शिकता?"

"मशीन जर्मनीचं हाय. सायेब म्हनले, 'त्याच्यावर लिवलेलं हुतं, तू वाचलं न्हाईस.' म्हनून वाचायला शिकतोय."

पुढे अवयवांचा धडा आला. सरांनी फळ्यावर हाताचा जर्मन शब्द लिहिला. त्याने तो ओळखला. मशीनवरून वहीत उतरवलेल्या दोन शब्दांवर त्याने अंगठा ठेवला. सरांनी अर्थ सांगितला, "हात लांब ठेवा."

त्याने वही मिटली. पुन्हा तो आला नाही. त्याचं जर्मन शिकून झालं होतं.