दीड पानाचं प्रकरण

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझा नवरा वारला. साडेतीनला तो म्हणाला होता, "आईला बोलव." सासूबाई त्यांच्या खोलीत झोपल्या होत्या. मी त्यांना उठवलं नाही.

त्या दोन रात्री त्याच्या उशाशी बसून होत्या आणि दुपारी माझ्या आग्रहाने आडव्या झाल्या होत्या. अर्धा तास झोपू देत, मग चहालाच उठवू, असं मी ठरवलं. सात महिन्यांच्या आजारपणात त्याने आईला बोलव असं कितीदा तरी म्हटलं होतं. नंतर, माणसं यायला लागण्यापूर्वी, सासूबाईंनी मला एकच विचारलं, "काही बोलला का गं?" मी नाही म्हणाले. झोपेतच गेला, म्हणाले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. लिहिलं मात्र.

चेन्नईत गिंडीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. जेवणाच्या सुट्टीत जुन्या नियतकालिकांच्या कपाटामागे एक टेबल रिकामं असतं, तिथे बसून मी त्या सात महिन्यांबद्दल लिहायला लागले. आठवड्याला एखादं पान व्हायचं. दवाखान्याच्या उपाहारगृहातली इडली, औषधांच्या वेळा पाठ करणं, आमच्या वेलचेरी भागात पाणी भरलं तेव्हा ऑक्सिजनचं नळकांडं तिसऱ्या मजल्यावर कसं चढवलं ते. आणि बाराव्या प्रकरणात ती दुपार. ते प्रकरण दीड पानाचं होतं आणि त्याला तीन महिने लागले.

पुण्याच्या दोन प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. एकाने कळवलंच नाही. दुसऱ्याने आठ महिन्यांनी दोन ओळी पाठवल्या, की असे अनुभव हल्ली बरेच येतात. मग मी ते स्वतःच इंटरनेटवर प्रकाशित करायचं ठरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना क्रमांक दिलेले, त्यामुळे फार अवघड जाणार नाही असं वाटलं होतं. पण एकेका चौकटीशी मी अडत होते. भाषांच्या यादीत मराठी शोधताना दोनदा पुढे निघून गेले. 'पुस्तकाविषयी थोडक्यात' या चौकटीत काय लिहावं हे चार दिवस सुचेना. लेखिकेचं नाव म्हणून मी माहेरचं नाव घातलं.

माझा हिशोब असा होता: चेन्नईत मराठी वाचतो कोण, आणि महाराष्ट्रात मला ओळखतो कोण? सव्वीस वर्षं इथे काढल्यावर दोन्हीकडून आपण दिसेनासे झालोत, असं मी धरून चालले होते. सासूबाईंना तर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर लागत नाही. त्या पुस्तकात मी काहीही लिहू शकत होते.

मुखपृष्ठ मीच केलं. आमच्या गच्चीतली त्याची वेताची खुर्ची, मागे आगगाडीचा उंच पूल, असा फोटो मोबाइलमध्ये होता, तोच लावला. पहिली प्रत मीच घेतली. नवव्या दिवशी दुसरी प्रत गेली. कोणी घेतली ते तिथे कळत नाही, नुसता आलेखावर एक ठिपका येतो. मला आनंद व्हायला हवा होता. मी शेअर ऑटोत बसून तो ठिपका पाहत होते. कुणीतरी आत्ता, या क्षणी, कितव्या प्रकरणावर असेल?

सोमवारी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला. "वहिनी, आम्हाला हे असं परस्पर कळायचं होय?" म्हणाले. खुर्चीवरून ओळखलं होतं. दर कोजागिरीला मंडळ आमच्या गच्चीत जमायचं, आणि त्या खुर्चीत बसण्यावरून भांडणं व्हायची. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी पुस्तकाची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकूनही दिली होती. मंडळात कुणाला पदवी मिळाली, कुणाच्या मुलीने भरतनाट्यम केलं, की पुढच्या सभेत शाल आणि नारळ देतात. रविवारी माझी पाळी होती, शिवाय दोन पानं वाचायची होती. अजून त्यांचं वाचून झालं नव्हतं, एवढं बोलण्यावरून कळलं.

त्या संध्याकाळी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "पुस्तक काढलंस म्हणे."

मी हो म्हटलं.

"त्या फोटोत खुर्चीमागे माझा परकर वाळतोय. बघितलास का नीट? जगभर गेला माझा परकर."

मी हसले, आणि त्या हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, वाचून दाखव की मला. मी घसा बसल्याचं सांगितलं. मंगळवारी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं, बुधवारी दुसरं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. रोज एक म्हटलं तर बारावं कधी येईल हे मी मनात मोजत होते. ते गाळून पुढे गेले असते तर त्यांना कळलं नसतं. पण मंडळातल्या कुणी रविवारी त्यांच्याजवळ बसून हळहळ व्यक्त केली असती, तर?

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते प्रकरण काढून टाकलं. तेराव्याला बारावा आकडा दिला, अनुक्रमणिका दुरुस्त केली, आणि नवी फाइल चढवली. पडद्यावर आलं की तपासणी चालू आहे, बहात्तर तासांपर्यंत लागू शकतात, तोवर बदल करता येणार नाही. त्या दुपारी मी पुस्तकांवर चुकीचे क्रमांक चिकटवले आणि मग ते नखाने खरवडत बसले.

शुक्रवारी घरी येताना दुसऱ्या मजल्यावर पोचले आणि थांबले. आमच्या खालच्या शेजारीण मामींच्या घरातून मराठी ऐकू येत होतं. मामी तमिळ. त्या आणि सासूबाई मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी आठ वर्षं मैत्रिणी आहेत. आवाज मात्र दोघींचाही नव्हता. एक पुरुषी, सपाट, यंत्राचा आवाज न थांबता म्हणत होता, 'अर्धा तास झोपू देत मग चहालाच उठवू असं मी ठरवलं'.

दार उघडंच होतं. मामी जमिनीवर बसून घेवडा मोडत होत्या. सासूबाई खुर्चीत होत्या, मांडीवर मामींचा फोन. मामींना गुडघ्यांमुळे देवळात जाता येत नाही, म्हणून त्या फोनकडून पोथ्या वाचून घेतात. तोच फोन त्यांनी माझं पुस्तक विकत घेऊन सासूबाईंच्या हातात दिला होता. एक शब्द कळत नसताना त्याही सोबत ऐकत होत्या.

सासूबाईंनी बोटाने चाचपून आवाज बंद केला.

"तो बाबा सगळं हवामानाच्या बातम्यांसारखं वाचतो," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा ऐकतेय. बस."

मी उभीच राहिले. म्हणाले, "आई, ते प्रकरण मी काढलंय. रविवारपर्यंत निघेल."

"कुणी सांगितलं तुला काढायला?"

माझी पर्स खांद्यावरून घसरत होती आणि मी ती पुन्हा पुन्हा वर ओढत होते.

"दोन वर्षं मी धरून चाललेय, की जाताना त्याला माझी आठवण झाली नाही," त्या म्हणाल्या. "बायकोचा हात धरून गेला, चांगलं झालं, असं म्हणून गप्प बसले. आणि तू लिहून ठेवलेलं खोडतेस?"

"मी तुम्हाला उठवायला हवं होतं."

"हवं होतं. ते मी विसरायची नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण ते तिथे ठेव."

मामींनी घेवडा बाजूला ठेवून तमिळमध्ये विचारलं, काय झालं. सासूबाईंना जे चार तमिळ शब्द येतात त्यातले दोन त्या म्हणाल्या, "ओन्नुम् इल्लै." काही नाही.

वर आल्याबरोबर मी लॅपटॉप उघडला. तपासणी चालूच होती, बदल करता येत नव्हता. शनिवारी दिवसभर मी दर दहा मिनिटांनी पाहत होते. आदल्या दिवशी जे लवकर निघावं म्हणून जीव टांगणीला लागला होता, ते निघू नये म्हणून आता लागला होता. रविवारी सकाळी ते प्रकरण नसलेलं पुस्तक मंजूर होऊन आलं. मी लगेच जुनी फाइल पुन्हा चढवली आणि पुन्हा बहात्तर तास सुरू झाले. त्याच संध्याकाळी मंडळात मी इडलीची दोन पानं वाचली. लोक हसले. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. घरातून निघताना त्यांनी बजावलं होतं, ते प्रकरण तिथे वाचायचं नाही, ते आपल्या घरातलं आहे. पुस्तकात मात्र ठेवायचं. यातली विसंगती मी त्यांना दाखवली नाही.

बुधवारी पुस्तक पूर्ववत झालं. मधल्या तीन दिवसांत दोन प्रती गेल्या, त्यांत ते प्रकरण नाही. त्या कुणाकडे आहेत, मला माहीत नाही.

आम्ही दोघी त्याच घरात राहतो. रात्रीचा स्वयंपाक त्या करतात, भाजी मी आणते. बारावं प्रकरण पुस्तकात आहे. सासूबाई आता दुपारी झोपत नाहीत.