चंद्रप्रभाबाईंचं कुलूप

चंद्रप्रभाबाई धारप तशा वाईट नव्हत्या हो. शेजारच्या वर्माबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा लाडू वळायला पहिल्या ह्याच धावल्या होत्या. सोसायटीत कुणी आजारी पडलं की मुगाच्या खिचडीचा डबा ह्यांच्याच घरून जायचा. पण विद्यापीठाच्या अभिलेखागारात, म्हणजे जुने कागद आणि फोटो जपून ठेवतात त्या खात्यात, तेजश्री नावाची पोरगी कामाला लागली, आणि बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

बाई जन्मानं दिल्लीकर. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेल्या आणि पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. इतिहासात एम.ए. केलं, ग्रंथालयाचा कोर्स केला आणि विद्यापीठात चिकटल्या. लग्न झालं सूर्यकांत धारपांशी. तेही मंत्रालयातले, आता निवृत्त. गाझियाबादला तीन खोल्यांचा फ्लॅट, मुलगा बंगळुरूला, सगळं जिथल्या तिथे.

नोकरीत मात्र बाईंकडे कुणी वळून पाहिलं नाही. वर्षानुवर्षं फोटोंवरची धूळ झटका, चिठ्ठ्या डकवा, कुणी संशोधक आला की खोकी काढून द्या. पण २००८ साली काय झालं, विद्यापीठाच्या वेबसाइटवर इतिहासाचं काहीतरी टाका असा वरून हुकूम आला. खात्यातल्या सगळ्यांनी हात वर केले. कॉम्प्युटर कोण शिकणार? बाई तेव्हा चाळिशीच्या पुढे. त्या म्हणाल्या, मी शिकते. शिकल्या, आणि विद्यापीठाचं पहिलं डिजिटल प्रदर्शन त्यांनी एकटीनं मांडलं. नाव ठेवलं ‘बाढ का साल’.

अठ्ठ्याहत्तर साली यमुनेला पूर आला तेव्हा पाणी विद्यापीठाच्या वसतिगृहात शिरलं होतं. त्या दिवसांचे फोटो होते. पोरं रांगेनं उभी राहून ग्रंथालयातली पुस्तकं वरच्या मजल्यावर पोचवतायत, वगैरे. पण प्रदर्शनाचा जीव होता तो आवाजात. मेसचा म्हातारा आचारी हरिदास तेव्हा हयात होता. बाई मेसच्या मागच्या दाराशी बटाट्याच्या पोत्यांवर बसल्या, हातात छोटा रेकॉर्डर धरला आणि त्याला बोलतं केलं. गच्चीवर चूल मांडून दोनशे पोरांची खिचडी कशी शिजवली, ते हरिदासनं सांगितलं. ‘‘नमक कम था, बेटी,’’ तो म्हणाला होता, ‘‘आधा शहर पानी में, नमक कौन लाता?’’ आणि मग असा खळखळून हसला होता की रेकॉर्डर थरथरला.

पुढच्याच वर्षी हरिदास गेला. ज्या सीडीवर मूळ रेकॉर्डिंग होतं तीही पुढे खराब झाली. हे बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. वेबसाइटवर आहे ना, मग झालं तर! मधूनमधून दुपारी चहाच्या वेळी त्या ते पान उघडायच्या, हेडफोन लावायच्या आणि हरिदासचं हसणं ऐकायच्या. आयुष्यात आपण एक काम केलं, आणि ते हे, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आणि मग तेजश्री आली. परभणीकडची, जिंतूरची. कलेक्टर व्हायला दिल्लीत आलेली, दोनदा मेन्सपर्यंत जाऊन परतलेली. मग कसलासा डिजिटल डिप्लोमा केला आणि कंत्राटावर इथे लागली. पहिल्याच दिवशी बाईंच्या टेबलाशी येऊन म्हणाली, ‘‘अय्या, काकू, तुम्ही मराठी? मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं!’’

काकू! सगळ्या स्टाफसमोर! संचालिका माथुर मॅडम बाईंपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या, पण त्या ‘मॅम’ आणि ह्या ‘काकू’. तिथूनच सुरुवात झाली बघा.

तेजश्रीनं कॅन्टीनच्या चहावर एक प्रदर्शन केलं. चहावर! इतिहास म्हणायचा का ह्याला? पण जुन्या विद्यार्थ्यांनी ते एकमेकांना पाठवून पाठवून असा धुमाकूळ घातला की वर्तमानपत्रात चौकट आली, तेजश्रीच्या फोटोसकट. माथुर मॅडम येताजाता ‘‘तेजश्री से पूछ लो’’ म्हणायला लागल्या. बाईंना कुणी काही विचारेना. जेवणाच्या सुट्टीत तेजश्रीच्या शेंगदाण्याच्या चटणीभोवती सगळे गोळा व्हायचे, आणि बाईंची अळूवडी डब्यात तशीच परत जायची. तेजश्रीचं हसणं खुपायचं, तिचे झुमके खुपायचे, ती भराभर टाइप करायची ते तर फारच खुपायचं.

घरी सूर्यकांतराव गमतीनं म्हणायचे, ‘‘प्रभा, त्या पोरीचं नाव न घेता आज जेवून दाखव.’’

‘‘मला काय करायचंय तिच्याशी?’’ बाई म्हणायच्या, आणि पोळी तव्यावर करपायची.

गेल्या पावसाळ्यात मीटिंग झाली. विद्यापीठाची जुनी वेबसाइट बंद होणार, नवी येणार. जुनी प्रदर्शनं वाया जाऊ नयेत म्हणून ती आहेत तशी उचलून एका वेगळ्या दालनात कायमची ठेवायची, आणि हे काम तेजश्रीकडे. तेजश्रीनं उभं राहून सगळं समजावून सांगितलं. एक प्रोग्राम जुन्या साइटच्या पानापानावर फिरेल आणि जे जसं दिसेल तसं उचलून ठेवेल. उघडं असेल ते उघडं, बंद असेल ते बंद. नंतर त्यात टाचणीएवढाही फरक करायचा नाही. जपणुकीचा नियमच तो. म्हणून आत्ताच सगळ्यांनी आपापली पानं तपासून घ्या.

बाई समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या. पण ऐकतंय कोण! त्यांचं सगळं लक्ष माथुर मॅडमच्या चेहऱ्याकडे. पोटच्या पोरीकडे बघावं तशा त्या तेजश्रीकडे बघत होत्या. सतरा वर्षांपूर्वी बाईंनी पहिलं प्रदर्शन दाखवलं, तेव्हा त्या वेळचे संचालक फोनवर बोलत होते.

आणि शेवटी तेजश्री म्हणाली, ‘‘मॅम, चंद्रप्रभाजी का जो बाढवाला है ना, उसका ऑडिओ तो कमाल है. मैं नए एग्झिबिट में इस्तेमाल करूं?’’

‘‘बिल्कुल!’’ माथुर मॅडम म्हणाल्या. बाईंना विचारलं का? छे! बाईंकडे साधं पाहिलंसुद्धा नाही.

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. माझा हरिदास! बटाट्याच्या पोत्यांवर मी बसले होते, ही तेव्हा जिंतूरला शाळेत गिरवत होती. आता हिच्या नावावर तो हसणार? त्याच दुपारी बाईंनी जुनी साइट उघडली, ‘बाढ का साल’च्या सेटिंगमध्ये गेल्या आणि पानाला पासवर्ड लावून टाकला. कुणाला ऐकायचंय ना, त्यानं माझ्या टेबलाशी यावं. मला विचारावं. उद्घाटन एकदा पार पडलं की मग उघडू सावकाश. फार महिन्यांनी त्या दिवशी बाईंना जेवण गोड लागलं.

तेजश्री टेबलाशी आली नाही असं नाही. आली, दोनदा आली. ‘‘काकू, तुमच्या पानाला पासवर्ड दिसतोय, देता का?’’

‘‘अगं, कुठंतरी लिहून ठेवलाय, बघते हं.’’ बाई हातातल्या फायलीतून मान वर न करता म्हणाल्या.

दुसऱ्यांदा तेजश्री जरा घुटमळली. ‘‘नाहीतर तुम्हीच काढून टाका ना. मी नाही वापरत माझ्या प्रदर्शनात, खरंच. तुमचं तुमच्या नावानंच राहू दे. पण तारीख जवळ आलीय.’’

‘‘बघते म्हटलं ना!’’ बाई म्हणाल्या. मला उपकार दाखवते काय! तुमचं तुमच्या नावानं राहू दे म्हणे!

त्यानंतर तेजश्रीच्या मेल आल्या. बाई तिच्या मेल उघडतच नसत. नाव दिसलं तरी कपाळावर आठी चढायची.

हिवाळा लागला आणि नव्या दालनाच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला. बाईंनी ठेवणीतली नारायणपेठ नेसली. का नाही नेसायची? पहिलं प्रदर्शन कुणाचं होतं? सूर्यकांतरावही कोट घालून गाझियाबादहून आले होते आणि चौथ्या रांगेत बसले होते. पडद्यावर नव्या दालनाचं पान झळकलं. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं ‘बाढ का साल’. खाली लिहिलं होतं, ‘विश्वविद्यालय का पहला डिजिटल एग्झिबिट. प्रस्तुति: चंद्रप्रभा धारप.’

तेजश्रीनं माइक घेतला. आजची सुरुवात ज्यांनी पहिली सुरुवात केली त्यांच्यापासून, असं काहीतरी हिंदीत म्हणाली. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईकडे हात केला. पन्नाशीची, साधी शाल पांघरलेली. ‘‘ये स्वरूपाजी हैं. हमारी मेस के हरिदासजी की बेटी. इनके पास पिताजी की आवाज कहीं नहीं है. आज ये पहली बार सुनेंगी.’’

टाळ्या पडल्या. स्वरूपानं आत्तापासूनच पदर डोळ्यांना लावला होता.

तेजश्रीनं बाईंकडे पाहून मान हलवली. त्या नजरेत एक भाबडा विश्वास होता. पासवर्ड तुम्ही काढलाच असणार, तुमच्याच कामाचं आहे, असा. बाईंना मीटिंगमधला तो शब्द आत्ता, या क्षणी कानांवर पडल्यासारखा आठवला. बंद असेल ते बंद.

माथुर मॅडमनी कळ दाबली.

पांढरं पान उघडलं. मधोमध एक छोटी रिकामी चौकट आणि वर एक ओळ: ‘ये पन्ना सुरक्षित है. पासवर्ड डालें.’

कुणीतरी हसलं. ‘‘चंद्रप्रभाजी, डाल दीजिए ना,’’ माथुर मॅडम म्हणाल्या. बाई उठल्या. कॉम्प्युटरपाशी आल्या, पासवर्ड टाकला. तो त्या कधीच विसरल्या नव्हत्या. काही झालं नाही. पुन्हा टाकला. चौकट नुसती रिकामी झाली. एक एक अक्षर जपून पुन्हा टाकला.

‘‘काकू,’’ तेजश्री त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, ‘‘ते नुसतं दाराचं चित्र आहे हो. दारामागे आता काही नाही. जुना सर्व्हर गेल्या महिन्यात पुसून टाकला. मी मेल केली होती तुम्हाला... तुमच्याकडे सीडी आहे ना?’’

बाईंनी मान हलवली. नाही.

तेजश्रीचा चेहरा पांढरा पडला. पण एकच क्षण. मग ती माइककडे वळली. ‘‘माफ कीजिए. गलती मेरी है. उतारते समय मुझे दोबारा जांचना चाहिए था. ऑडिओ छूट गया.’’

सभागृहात चुकचुकाट झाला आणि लगेच मावळला. तेजश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, माथुर मॅडमनी तिच्या पाठीवर थोपटलं. होता है, बेटा, होता है. स्वरूपा उठून आली, तेजश्रीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘‘रो मत, बिटिया. तूने याद करके बुलाया, यही बहुत है. पिताजी भी कहते थे, नमक कम हो तो भी खिचडी खिचडी होती है.’’

बाई बाजूला उभ्या होत्या. खरं सांगायचं तर त्या वेळीसुद्धा, बापाचा आवाज गमावलेली ती बाई समोर उभी असताना, त्यांच्या मनात पहिलं आलं ते हेच: बघा, इथेही हीच! चूक माझी, आणि माफी हिला. मी केलेलं पाप अंगावर घ्यायलासुद्धा हीच पुढे, आणि तेही माझ्यापेक्षा सुंदर. पोटातलं ते दुखणं पुन्हा उसळलं. सूर्यकांतराव चौथ्या रांगेत उभे राहिले होते. त्यांना सगळं समजलं होतं, आणि त्यांनी नजर खाली घातली होती.

मग कार्यक्रम पुढे सरकला. तेजश्रीचं चहाचं प्रदर्शन दाखवलं, लोक हसले, समोसे आले. लोक पांगायला लागले तेव्हा बाई स्वरूपापाशी गेल्या. तिनं लगेच हात जोडले. ‘‘मॅडम, आपने तो सुना होगा उनको. आप ही ने तो रेकॉर्ड किया था.’’

‘‘सुना है,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बहुत हंसे थे.’’

‘‘हंसे थे?’’ स्वरूपाचे डोळे भरून आले. ‘‘घर में तो कभी नहीं हंसते थे.’’

बाई खुर्चीवर बसल्या. ठेवणीतली नारायणपेठ अंगाला टोचत होती.

‘‘उसकी गलती नहीं है,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ताला मैंने लगाया था.’’

‘‘ताला?’’ स्वरूपाला काही कळेना. ‘‘किस पर?’’

‘‘आपके पिताजी की आवाज पर. मुझे बार बार कहा था इसने, खोल दीजिए. मैंने नहीं खोला.’’

स्वरूपा चिडली नाही, रडली नाही. फक्त शाल नीट केली आणि अगदी खरोखर कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, ‘‘लेकिन क्यों, मॅडम?’’

बाईंनी वर पाहिलं. तेजश्री दोन पावलांवर पाठमोरी उभी होती. माइकची वायर गुंडाळत होती, आणि तिचे झुमके हलत होते.