दोनशे बारा शून्यं

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे मोजणीबाई म्हणतात. नगरपालिकेच्या नियोजन विभागात त्यांना तेवीस वर्षं झाली. आधी त्या नळजोड मोजत, मग झाडं. आता माणसांचं समाधान मोजतात. हातात पाच पानी फॉर्म, खाली पुठ्ठा, कानावर पेन्सिल. त्यांच्या सासूबाई म्हणतात, "मला विचारते, शून्य ते दहापैकी किती समाधानी? मी म्हटलं, आधी चहा टाक, आकडा वाढेल."

मोजणीबाई पहिलं उत्तर कधी लिहून घेत नाहीत. पहिल्यांदा जो तो "बरं चाललंय" म्हणतो. मग त्या खिडकीबाहेर बघत नुसत्या बसून राहतात. थोड्या वेळाने समोरचा माणूस आपणहून बोलू लागतो, आणि ते त्या लिहितात. फक्त सतराव्या प्रश्नाला त्या तशा थांबल्या नाहीत. रोज किती मिनिटं निसर्गाच्या सान्निध्यात घालवता? आकडाच तर हवा होता, त्यात दुसऱ्यांदा काय विचारायचं, असं त्यांना वाटलं.

दोनशे बारा घरांनी शून्य सांगितलं. त्यांच्या विभागातल्या साहेबांनी त्यावरून टिपण तयार केलं: शाळेमागच्या तळ्याचा कोणालाही उपयोग नाही, सबब ते बुजवून गाड्या उभ्या करण्याची सोय करावी. सोमवारी सभा होती. गुरुवारी मोजणीबाई तो कागद आणि भरलेले फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या.

"काकू, ही माझ्याच अक्षरातली शून्यं आहेत."

शुक्रवारी पहाटे त्या तळ्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. पाण्यावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडचा काठ कोणी पुसून टाकल्यासारखा वाटत होता. त्यातून एकेक माणूस हळूहळू उमटत होता. चालत नव्हते ते, तरंगत येत होते, असं त्या मला नंतर सांगत होत्या. जवळ आल्यावर एकाचा शिंपी झाला.

"दादा, इकडे कुठे?"

"दुकानात."

"दुकान सरळ रस्त्याने सहा मिनिटांवर आहे."

"हो. इकडून वीस."

"मग फॉर्मात शून्य का सांगितलंत?"

"अहो बाई, निसर्ग म्हणजे डोंगर, जंगल, तिकीट काढून जायचं तिथे. ही आपली कामाची वाट."

मागून रात्रपाळी संपवून परिचारिका आली. "मी तर थांबतही नाही हो. बगळा उडेपर्यंत उभी राहते, तेवढंच."

"म्हणजे किती वेळ?"

"त्याला कुठे ड्यूटीवर जायचंय?"

तीन दिवस मोजणीबाई पुन्हा दारोदार हिंडल्या. कामावर कोणत्या वाटेने जाता, एवढंच विचारत, आणि मग गप्प बसत. बेरजा मी करून दिल्या, दोनदा तपासून. दोनशे बारांपैकी एकशे एकसष्ट घरांतली माणसं रोज वाट वाकडी करून तळ्यावरून जात होती.

सोमवारी साहेबांनी कागद चाळला. "फॉर्मात हा प्रश्न नाही."

"नाही. पण सतराव्याची उत्तरं मी घाईने लिहिली. ती चुकली आहेत."

"असं लेखी दिलंत तर सेवापुस्तकात शेरा जाईल. उन्हाळ्यात बढती आहे ना तुमची?"

मोजणीबाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथून तळं दिसत नाही, नुसती विजेची तार दिसते. "कुठे सही करू?" त्यांनी विचारलं.

तळ्याचा विषय सभेतून मागे घेतला गेला. पुढच्या मोजणीनंतर बघू, असं ठरलं. शेरा एका ओळीचा आहे. बढती त्यांच्या हाताखालच्या मुलीला मिळाली. ती पहिल्या दिवशी ओशाळून म्हणाली, "ताई, मला यातलं काही कळत नाही."

"चल," मोजणीबाई म्हणाल्या. फॉर्म कपाटात ठेवून त्या तिला तळ्यावर घेऊन गेल्या. पाऊण तास दोघी पायरीवर बसल्या होत्या. मुलीने दोनदा घड्याळ पाहिलं, मग पाहायचं विसरली.