जेवले म्हणजे मिटलं

मी जालन्याला बीएला राज्यशास्त्र शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. त्यामुळे टीव्हीवर परदेशाची बातमी लागली, की राजूरजवळच्या आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात. मला बरेचदा नीट सांगता येत नाही.

यंदा मात्र नीट सांगता यायला हवं होतं. माझा मोठा भाऊ आखातातल्या एका मालवाहू जहाजावर फिटर आहे. तिकडे लढाई पेटली आणि त्याचं जहाज बंदरातच अडकलं. इकडे ताईचं लग्न जमलेलं. तारीख तेवढी दादासाठी थांबली होती. नवरदेवाचा कान दादानेच पिळायचा, हे ताईने लहानपणापासून सांगून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी बातम्यांत वेगळंच दिसलं. लढाईत एका बाजूने असलेल्या पश्चिमेकडच्या बड्या देशाचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला मदत करणाऱ्या कम्युनिस्ट देशात पाहुणा म्हणून गेला होता. लाल गालिचा, लहान मुलांच्या हातांत दोन्ही देशांचे झेंडे. मग तो आणि तिथला प्रमुख शेजारी शेजारी जेवताना. हे माझे फार जवळचे मित्र आहेत, असं पाहुणा हसत सांगत होता.

बाबा एकदम ताठ बसले. "जेवून राह्यलेत की रे दोघं!"

"हो, पण बाबा..."

"मंग मिटलं."

आमच्याकडे असंच मिटतं. बांधावरून बाबांचं आणि काकांचं भांडण झालं होतं, तेव्हा गावातल्या मोठ्या माणसांनी दोघांना एका पंगतीला बसवून वरण-बट्टी वाढली. त्यानंतर तो विषय कुणी काढलेला नाही. तेच काका त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर होते.

"काय साहेब, तुमचं पुस्तक काय म्हणतंय?"

"काका, तिथं जेवण ही रीत असते. करार काय झाला ते अजून..."

"करार कुणी बी करतंय. वैऱ्याच्या ताटाला ताट लावून जेवून दाखव बरं तू!"

सगळे हसले. काकांचंच खरं ठरावं, असं मलाही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तारीख धरली. दादा फोनवर म्हणाला, "जहाज सुटलं की निघालोच." आईने त्याच्यासाठी नवा शर्ट आणवला.

पत्रिका वाटून झाल्या आणि त्या बंदरावर पुन्हा बॉम्ब पडले. दादाचा फोन लागेना. टीव्हीवर तो पाहुणा आता आपल्या देशात परतला होता आणि आमची मैत्री कायम आहे, असं सांगत होता.

लग्न पुढे ढकलता आलं नाही. कान मी पिळला. "हळू हो, पाहुणे," नवरदेव म्हणाले, तशी मांडवात हशा पिकला. ताईने मान वर केली नाही. कानपिळीचा मानाचा फेटा मी डोक्याला लावला नाही, आईकडे दिला. तिने तो दादाच्या शर्टावर ठेवून पेटी बंद केली.

नंतर कंपनीकडून कळलं, की जहाजावरचे काही लोक सापडत नाहीत, त्यात दादा आहे. शोध चालू आहे, असं ते अजूनही सांगतात.

परवा भाकरी थापता थापता आईने विचारलं, "ते दोघं जेवले होते ना रे?"

"हो, आई."

"बराबर बसून?"

"हो."

तिचे हात थांबले. आमच्या पुस्तकात अशा भेटींवर एक अख्खा धडा आहे. त्यातलं एक वाक्यही मला तिला सांगता आलं नाही. तव्यावरची भाकरी मीच उलटली.